थायरॉईडची गोळी बाळाला बाधेल का?

प्रश्न: मला नववा आठवडा चालूये, टीएसएच ८ आलंय. गोळी चालू केलीये पण बाळाला त्रास होईल म्हणून घ्यायची भीती वाटते, बंद करू का?

उत्तर: अगं, बंद अजिबात करू नकोस! टीएसएच म्हणजे थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन, ते वाढलंय म्हणजे तुझं थायरॉईडचं हार्मोन कमी पडतंय. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी हार्मोन बनवत नसते, त्याच्या मेंदूची वाढ तुझ्याच हार्मोनवर चाललेली असते, आणि ते फार कमी पडलं तर गर्भपात, बीपी वाढणं, अपुऱ्या दिवसांची डिलिव्हरी असे धोके वाढतात. गोळीतलं थायरॉक्सिन, म्हणजे हेच थायरॉईडचं हार्मोन, शरीरातल्यासारखंच असतं, बाळाला बाधत नाही. सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घे, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतरच, हे बऱ्याच जणी विसरतात. साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच तपास, डोस डॉक्टरच ठरवतील.