'अपोकॅलिप्टिक'ला मराठीत काय म्हणावे? प्रलय, कल्पान्त आणि जगबुडी

एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे: "आमच्या वाचनगटासाठी मी आमिश या अमेरिकेतील ख्रिस्ती पंथाच्या समाजातील मुलीवरच्या एका इंग्रजी कादंबरीचा परिचय लिहीत आहे. कादंबरी कुमारवयीन वाचकांसाठी असून तिचे वर्णन 'अपोकॅलिप्टिक' असे केले जाते. कोशांत मला प्रलयकारी, कल्पान्तक, सर्वनाशी हे शब्द मिळाले, परंतु त्यांपैकी एकही मनात बसत नाही. मराठीत नेमके काय म्हणावे? आणि जगाच्या अंताची गोष्ट सांगताना लेखिकेला घोडागाडीतून फिरणारे हे साधे लोकच का सुचले असावेत?"

कादंबरी आहे ओहायो राज्यातील लेखिका लॉरा बिकल यांची 'द हॅलोड वन्स', जी २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि जिचा पुढचा भाग 'दि आउटसाइड' या नावाने २०१३ साली आला. माझे उत्तर आधी सांगून टाकतो: या कादंबरीपुरता मी 'जगबुडी' हा शब्द निःसंकोचपणे वापरेन. हा शब्द का, हे सांगू लागले की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच येते, म्हणून दोन्ही प्रश्न एकत्र घेतो.

मूळ ग्रीक शब्द 'अपोकालिप्सिस'. 'कालिप्टेइन' म्हणजे झाकणे आणि 'अपो' म्हणजे दूर. तेव्हा झाकण दूर करणे, पडदा बाजूला सारणे एवढाच त्याचा अर्थ आहे आणि त्यात नाशाचा लवलेशही नाही. नव्या करारातील शेवटच्या पुस्तकाचे हे नाव, आणि मराठी बायबलमध्ये त्याला 'प्रकटीकरण' म्हटले आहे, जे अगदी मुळाबरहुकूम आहे. पात्म बेटावर योहानाला जे दर्शन घडले त्यात युद्ध, दुष्काळ, मरी आणि जुन्या सृष्टीचा शेवट असल्यामुळे पुस्तकाचे नाव हळूहळू पुस्तकातल्या घटनेला चिकटले. आपल्याकडे हे नवीन नाही. दोन भावांत वाटणीवरून जुंपली की 'घरात महाभारत झाले' असे आपण म्हणतो आणि एखादा लांबण लावू लागला की 'तुझे रामायण पुरे' असे म्हणतो. दोन्ही ठिकाणी ग्रंथाचे नाव मजकुराच्या एका अंगाला लागले आहे. म्हणून 'अपोकॅलिप्टिक'चे भाषांतर करताना व्युत्पत्तीला धरून 'प्रकटनात्मक' असे काही घडवणे म्हणजे 'महाभारत'च्या जागी 'भरतवंशविषयक' लिहिण्यासारखे होईल. तो मार्ग सोडून द्यावा.

मग 'प्रलय' का नको? हा शब्द मला फार प्रिय आहे, आणि म्हणूनच तो कुठेही लावलेला मला सोसत नाही. 'ली' या धातूपासून तो आला आहे. विरघळणे, लीन होणे हा त्याचा गाभा. मीठ पाण्यात विरावे तशी सृष्टी आपल्या कारणात परत जाते आणि तेथूनच पुन्हा वर येते. भागवताच्या बाराव्या स्कंधात नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक आणि आत्यन्तिक असे चार प्रलय सांगितले आहेत. समर्थांनी दासबोधाच्या दहाव्या दशकातील पाचव्या समासात पाच सांगितले: पिंडातले दोन, म्हणजे झोप आणि मरण, ब्रह्मांडातले दोन, म्हणजे ब्रह्मदेवाची झोप आणि ब्रह्मदेवाचे मरण, आणि पाचवा विवेकाचा प्रलय, ज्यात ज्ञानाने दृश्य मावळते. रोज रात्री डोळा लागतो तोही प्रलयच, इतका हा शब्द खोल आणि घरगुती आहे. तेराव्या दशकात मात्र समर्थ शंभर वर्षांच्या अनावृष्टीचे, सृष्टी जळून जाण्याचे वर्णन करतात आणि तेथे 'भूतांस मांडेल कल्पांत' असे शब्द येतात. प्रलय काय किंवा कल्पान्त काय, दोहोंतही सगळेच जाते आणि काळाचे चाक फिरले की सगळेच परत येते. कुंपणाच्या आत काही माणसे उरली आणि बाहेरची गेली, हा प्रसंग त्या कल्पनेत मावत नाही. वाचलेल्यांची गोष्ट हवी तर आपल्याकडे मनूची नौका आहे, परंतु ती मुळात पुराची कथा आहे.

याच्या उलट वर्तमानपत्रांनी 'प्रलय' फार स्वस्त केला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा 'जलप्रलय' म्हणणे समजू शकते. पण आता गुडघाभर पाणी तुंबले तरी तोच मथळा येतो. अतिवापराने पातळ झालेला आणि मुळात फार भारदस्त असलेला, असा हा एकाच वेळी दोन्हीकडून अडचणीचा शब्द झाला आहे.

आता 'जगबुडी'. यात पाणी आहे आणि कादंबरीत तर पूर नाही, असा आक्षेप कोणी घेईल. पण मराठीत बुडायला पाणी लागत नाही. धंदा बुडतो, उसने दिलेले पैसे बुडतात, शाळा बुडते, दिवस बुडतो, एखाद्याचा वंश बुडतो. जे हाताशी होते ते नाहीसे झाले आणि परत मिळायचे नाही, हा त्या क्रियापदाचा भाव. "एक दिवस नाही गेलास तर काय जगबुडी होणार आहे?" असे आई मुलाला म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर लाटा नसतात. बोलीतला, मुलांच्या कानावरचा आणि तरीही विचार केला तर अंगावर काटा आणणारा असा हा शब्द आहे. कुमार वाचकांच्या पुस्तकाला याहून जवळचा कोणता मिळेल?

परंतु माझे खरे कारण त्या शब्दाच्या पहिल्या अर्ध्यात, 'जग' या भागात आहे, आणि येथे आमिश लोकांकडे वळावे लागते.

सोळाव्या शतकात स्वित्झर्लंड व दक्षिण जर्मनीच्या भागांत असा एक पंथ उभा राहिला की ज्याचे म्हणणे, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नसतो, तर समजत्या माणसाने स्वतः घ्यायचा असतो. त्यासाठी अनेकांना बुडवून आणि जाळून मारण्यात आले. १६९३ साली याकोब अम्मान या पुढाऱ्याने, पंथाची शिस्त ढिली पडते आहे म्हणून वेगळी चूल मांडली, आणि त्याच्या नावावरून त्याचे अनुयायी आमिश झाले. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. आज पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगणा आणि ओहायोतील होम्स परगण्याचा परिसर ही त्यांची सर्वांत मोठी वस्तीस्थाने आहेत. त्यांच्या श्रद्धेचा कणा म्हणजे जगापासून वेगळे राहणे. बायबलमधील, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातील दुसरे वचन त्यांच्या तोंडी सतत असते. लूथरच्या जर्मन बायबलात तेथे 'वेल्ट' म्हणजे 'जग' हा शब्द आहे. मराठी बायबल त्याच जागी "ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका" असे म्हणते, आणि ग्रीक मूळ पाहता 'युग'ही चूक नाही; या एका धाग्यावर कोणी 'युगान्त' सुचवले तर मी ते समजून घेईन. तरीही आमिश माणसाच्या कानात घुमतो तो 'जग' हाच शब्द.

म्हणजे त्यांच्या बोलण्यात 'जग' याचा अर्थ पृथ्वी किंवा सर्व माणसे असा नाही. जग म्हणजे कुंपणापलीकडचे. वीज, मोटारी, फॅशन आणि घाई यांचे राज्य. मराठीत हा अर्थ अपरिचित आहे असे कोणी समजू नये. "जग काय म्हणेल?" या आपल्या रोजच्या धास्तीत 'जग' म्हणजे उंबऱ्याबाहेरचे लोकच असतात, आपण त्यात नसतो. आता 'जगबुडी' हा शब्द या अर्थाने पुन्हा वाचावा. बिकल यांच्या कादंबरीत बाहेरच्या शहरांवर एक भयंकर संकट कोसळते, वडीलधारी मंडळी गावाची फाटके बंद करतात, कोणी बाहेर जायचे नाही आणि कोणी आत यायचे नाही असे ठरते. बुडते ते जग. आणि गाव, जे स्वतःला कधीच जग म्हणवून घेत नव्हते, ते उरते. अक्षरशः जगबुडी. 'प्रलय' किंवा 'कल्पान्त' म्हटले की ही रेषाच पुसली जाते.

आणि म्हणून या विषयाची ओढ लेखिकेला का वाटली असेल याचा तर्क करणे अवघड नाही. लेखिकेच्या मनात काय होते ते तिचे तिलाच ठाऊक. पण ओहायोत राहणाऱ्या माणसाला हे बीज रस्त्यावरच सापडते. हमरस्त्याच्या कडेने काळी बग्गी चाललेली असते, तिच्या पाठीवर मंदगती वाहनाचा नारिंगी त्रिकोण लावलेला असतो, आणि मागून येणारी मोटार वेग कमी करून बाजूने निघून जाते. एकाच डांबरावर दोन काळ. सार्वजनिक विजेची तार शेताशेजारून जाते आणि आमिश घराकडे मात्र फाटा गेलेला नसतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी उत्तर ओहायोत वाढलेल्या झाडांना विजेच्या तारा टेकल्या, तेथून बिघाड पसरत गेला आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी माणसे अंधारात गेली. तारेवर अवलंबून नसलेल्या आमिश घरात मात्र नेहमीसारखीच कंदिलाची वात वर सरकवायची होती. ज्याने हे चित्र एकदा मनात पाहिले त्याला 'सगळेच कायमचे बंद पडले तर?' हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

परिचय लिहिताना येथे एक सावधगिरी बाळगावी. जग बुडाल्यावर आमिश तरतील, ही कल्पना बाहेरच्यांची आहे, त्यांच्या भीतीतून आलेली आहे. आमिश स्वतः जगाच्या अंताच्या तारखा मांडत बसत नाहीत, आणि ते वाटतात तितके स्वयंपूर्णही नाहीत: पुष्कळ घरांत प्रोपेनवर चालणारा फ्रिज असतो, शेताच्या कडेला टेलिफोनची खोपटी असते, डिझेल बाजारातून येते आणि आजारी माणूस दुसऱ्याच्या मोटारीतून दवाखान्यात जातो. बिकल यांना याची जाण असावी, कारण त्यांच्या गावाला वाचवते ती नुसती कंदिलांची सवय नाही, तर भूमीचे पावित्र्य. शीर्षकातल्या 'हॅलोड' शब्दाला म्हणून 'धन्य' किंवा 'निवडलेले' न म्हणता 'पावन' म्हणावे, असे मला वाटते.

या जगाच्या रेषेमुळेच आणखी दोन शब्दांशी अडखळायला होईल. आमिश लोक बाहेरच्या कुणालाही 'इंग्लिश' म्हणतात, मग तो इटालियन वंशाचा असो की आपल्याकडून तेथे गेलेला मराठी अभियंता असो. याचे 'इंग्रज' असे भाषांतर मुळीच करू नये. वाचकाला गोरा साहेब दिसू लागेल. 'बाहेरचे' किंवा 'जगातले' असे म्हणावे, किंवा 'इंग्लिश' तसाच ठेवून पहिल्यांदा अर्थ सांगावा. तसेच त्यांच्या बोलीला 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणतात म्हणून तिचा हॉलंडशी, म्हणजे आपल्या बखरींतल्या वलंदेजांशी, संबंध जोडू नये. ती जर्मन बोली आहे. ते तिला 'डाइच' म्हणतात.

नायिका केटी ज्याची वाट पाहत असते त्या 'रुमश्प्रिंगा'ला मात्र मराठीत फार सुंदर जोड आहे. 'रुम' म्हणजे इकडेतिकडे आणि 'श्प्रिंगे' म्हणजे धावणे, उड्या मारणे. वासरू दावे सुटल्यावर करते ते, म्हणजे 'हुंदडणे'. सोळाव्या वर्षाच्या आसपास हा काळ सुरू होतो, मुलामुलींवरचा धाक सैल होतो, आणि शेवटी बाप्तिस्मा घ्यायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. निर्णयाचा भाग 'हुंदडणे'त येत नाही, म्हणून मूळ शब्द ठेवून एकदा 'हुंदडण्याची वर्षे' असे सांगितले तर पुरे. केटी याच उंबरठ्यावर उभी असताना फाटक बंद होते: जे जग तिने अजून पाहिलेलेच नाही, तेच बुडते. एक जखमी तरुण सापडल्यावर वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडून ती त्याला आत आणते, त्यामागची ओढ यातून कळते.

राहिला विशेषणाचा प्रश्न. 'जगबुडी'पासून विशेषण सहज होत नाही, पण त्याची गरजही नाही. भुताची गोष्ट, राजाराणीची गोष्ट, तशी जगबुडीची कादंबरी. नंतरच्या काळावरचे लेखन असेल तर 'जगबुडीनंतरची' म्हणावे. समीक्षेच्या लेखात प्रकाराचे नाव म्हणून कोणी 'प्रलयकथा', 'प्रलयोत्तर कादंबरी' लिहिले तर माझी हरकत नाही, कारण तेथे संज्ञा लागते. मुलांच्या हातात जाणाऱ्या परिचयात मात्र ती नको. आणि लोकांचे नाव लिहिताना 'आमिश' असे शहामृगाच्या श-नेच लिहावे, कारण पोटफोड्या ष-ने लिहिले तर ते 'आमिष' होते, आणि मासे पकडायच्या गळाला जे लावतात तेच वाचकाच्या मनात येते.