नदीकाठचे उद्यान आणि मोकळा कुत्रा
प्रश्न : आम्ही वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड येथे मुलाकडे राहतो. तेथील मेरीमूर उद्यानात कुत्र्याला मोकळे सोडावे काय?

उत्तर : अवश्य सोडावे, समॅमिश नदीकाठी सुमारे ४० एकरांचा भाग त्यासाठीच राखलेला आहे, मात्र तेथे पोहोचेपर्यंत पट्टा हातातच ठेवावा. मला खरी काळजी वाटते ती माशांची. शरद ऋतूत नदीत सामन मासे येतात आणि काठावरचा मेलेला मासा कुत्र्याने खाल्ला (तो मोह कोणत्या कुत्र्याला आवरतो?), तर त्यातील परजीवी कृमीबरोबर शिरणाऱ्या जिवाणूमुळे काही दिवसांत ताप, उलट्या व जुलाब सुरू होतात. उपचाराविना हा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणून नुसती शंका आली तरी पशुवैद्यांना लगेच, माशाचा उल्लेख करून, कळवावे.