लहान कॉलेजात घातलं तर मुलीचं धावणं थांबेल का?

तुमची मुलगी बारावी झाली आहे, ८०० मीटर धावते, आणि घराजवळ हडपसरला एका लहान कॉलेजात तिला बी.ए.ला प्रवेश मिळतो आहे. तिथं मैदान नाही, जिमखाना म्हणजे जिन्याखालची एक खोली. फीच्या पावतीवर मात्र 'जिमखाना' आणि 'क्रीडा शुल्क' असे दोन वेगळे आकडे आहेत. हे पैसे जातात कुठं, नियम ठरवतं कोण, आणि खेळासाठी म्हणून डेक्कनकडच्या एखाद्या मोठ्या कॉलेजसाठी धडपडावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पुण्यातल्या अशाच एका लहान कॉलेजात सव्वीस वर्षं शारीरिक शिक्षण संचालक होतो. मुलं पीडी सर म्हणायची. माझं उत्तर: घाला. फक्त प्रवेशाआधी त्या जिन्याखालच्या खोलीत कोण बसतं ते बघून या. मैदान नसलं तरी निभावतं, माणूस नसला तर नाही.

कारण असं. आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेत प्रत्येक प्रकारात एका कॉलेजला ठरावीकच नावं देता येतात, सहसा दोन. मोठ्या कॉलेजात ८०० मीटरला सात मुली असतील तर पाचजणी घरातच बाद होतात. त्यातली चौथी मुलगी कदाचित शहरातली सहावी असते, पण तिला ते कधी कळतच नाही. लहान कॉलेजात तुमच्या मुलीचं नाव पहिल्या दिवशी कागदावर चढतं. स्टार्टरच्या रेषेवर उभं राहिल्यावर कॉलेज कुठलं हे कुणी विचारत नाही. सांघिक खेळांचं गणित अगदी उलटं आहे. खो-खो किंवा हॉकी असती तर मी तुम्हाला मोठ्या कॉलेजकडेच पाठवलं असतं, कारण लहान कॉलेजात बारा मुली गोळा करतानाच हंगाम संपतो.

आता नियम. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे, अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि नाशिक हे जिल्हे येतात, आणि खेळासाठी त्यांचे चार विभाग आहेत: पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर, नाशिक. आधी विभागातल्या कॉलेजांची आपसात स्पर्धा, मग आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ. हे सगळं विद्यापीठाच्या क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाच्या अखत्यारीत चालतं, आणि त्या मंडळाला आधार आहे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याचा. विद्यापीठाच्या वर भारतीय विद्यापीठ संघ, ज्याला आम्ही नुसतं एआययू म्हणतो. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा त्यांच्या, पात्रतेचे नियमही त्यांचेच. तिथल्या कामगिरीवरून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचं दार उघडतं. ते २०२० साली भुवनेश्वरला सुरू झाले. याच शिडीवर आपल्या विद्यापीठाच्या पट्ट्यातल्या, नाशिकच्या संजीवनी जाधवला आम्ही चढताना पाहिलं. २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिनं १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक घेतलं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले होते.

पात्रतेचं नीट वाचा, कारण मुलं वेगानं हरतात त्यापेक्षा कागदानं जास्त हरतात. खेळाडू पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी हवा. दूरस्थ किंवा बहिःस्थ प्रवेश चालत नाही. त्या शैक्षणिक वर्षाच्या १ जुलैला वय १७ पूर्ण आणि २५ च्या आत हवं. पदवीला पात्र ठरवणारी परीक्षा, म्हणजे आपल्याकडे बारावी, उत्तीर्ण होऊन ८ वर्षांहून जास्त झालेली नसावीत. पूर्णवेळ नोकरी नसावी. एका वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं. मग फॉर्मवर फोटो, त्यावर शिक्का, प्राचार्यांची सही, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रती, विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक. यातलं अवघड काहीच नाही. पण सगळं मुदतीत लागतं.

एक वर्ष मी विसरू शकत नाही. तिसऱ्या वर्षाची मुलगी, ४०० मीटर हर्डल्स, आदल्या वर्षी विद्यापीठाच्या संघातून थोडक्यात हुकलेली. प्राचार्य रजेवर होते आणि प्रभारी कोण याचं पत्र निघालेलं नव्हतं. फॉर्म दोन दिवस ऑफिसच्या ट्रेमध्ये पडून राहिला. मला वाटलं गेला असेल, मी विचारलं नाही. प्रवेशिकेची मुदत टळली. मी शहरात तीन जणांचे पाय धरले, पण एकाला सवलत दिली तर उद्या सगळे येतील, हे त्यांचंही बरोबर होतं. ती मुलगी स्पर्धेच्या दिवशी मैदानावर आली आणि दिवसभर इतरांचे हर्डल्स लावायला मदत करत राहिली. चूक माझी होती. त्यानंतर मी एकही फॉर्म शिपायाच्या हाती सोडला नाही, स्वतः घेऊन जायचो.

पैशाचं आता सांगतो. पावतीवरच्या दोन आकड्यांपैकी एक कॉलेजात राहतो, दुसरा विद्यापीठाकडे भरायचा असतो. कुठला किती हे ऑफिसात विचारलंत तर सांगायला हवं. कॉलेजात राहणाऱ्या पैशाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, ८०० विद्यार्थी आणि माणशी १५० रुपये. झाले १ लाख २० हजार. यातच वर्षाचे बॉल, नेट, कॅरमच्या सोंगट्या, वार्षिक क्रीडास्पर्धेचा मांडव आणि ट्रॉफ्या, संघांचे टी-शर्ट, स्पर्धेला जाण्यायेण्याचं भाडं, मुलांचा भत्ता, पंचांचं मानधन, लेन आखायची फक्की. क्रिकेटचा एक संघ पाठवला की यातला मोठा लचका जातो. त्यात फीचे सगळे पैसे जूनमध्ये हातात नसतात. ज्यांची फी शासन भरतं त्यांची रक्कम सावकाश येते, आणि आमचा हंगाम ऑगस्टला सुरू झालेला असतो. मैदानी खेळांचं बरं असतं: तुमच्या मुलीला लागतात स्पाइक्स, एक टी-शर्ट आणि बसभाडं.

म्हणूनच मी 'घाला' म्हणालो. कॉलेजची गरिबी तिला विभागीय स्पर्धेपर्यंतच जाणवेल. विद्यापीठाच्या संघात आली की सराव शिबिर, ट्रॅकसूट, प्रवास, राहणं-जेवण हा खर्च विद्यापीठाचा. त्या टप्प्यावर फर्ग्युसनची मुलगी आणि तुमच्या कॉलेजची मुलगी एकाच डब्यातून, एकाच भत्त्यावर जातात.

या पैशाचं अंदाजपत्रक कोण मंजूर करतं, हेही पालकांना माहीत नसतं. २०१६ च्याच कायद्यानं प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती आणली. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, निवडून आलेले शिक्षक, बाहेरची माणसं आणि प्राचार्य तिच्यात असतात, विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधींनाही जागा आहे. माझा अनुभव असा की जिमखान्याचा आकडा तिथं शेवटच्या पाच मिनिटांत येतो आणि गेल्या वर्षीचाच पुढे ढकलला जातो. एका वर्षी मी मागच्या पाच वर्षांतल्या मुलांची नावं, त्यांच्या वेळा आणि त्यांच्यावर झालेला खर्च एका पानावर लिहून नेला. त्या वर्षी पहिल्यांदा रक्कम वाढली. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांची क्रीडापदकं मोजली जातात, त्यामुळे समिती पाहणीला यायची असली की संस्थाचालकांना अचानक जिमखाना आठवतो. मला त्याचं वाईट वाटत नसे. त्या निमित्तानं आलेल्या भाल्यांनी पुढं किती तरी मुलं शिकली.

अनुदानित कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाचा पगार शासन देतं, विनाअनुदानितमध्ये संस्था. आज खरी अडचण इथं आहे. पद मंजूर असून रिकामं, किंवा तासिका तत्त्वावर कुणीतरी, ज्याला दर वर्षी जूनमध्ये आपण राहणार की नाही हे माहीत नसतं. या पदासाठी एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, शिवाय तंदुरुस्तीची चाचणी असते: तिशीच्या आतल्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर, त्याच वयाच्या बाईला ८ मिनिटांत १००० मीटर धावून दाखवावं लागतं. एवढं करून आलेल्या माणसाला मग वर्षभर प्रवेशाच्या टेबलावर आणि परीक्षेच्या सुपरव्हिजनला बसवतात. हे बदलायला हवं असं मी नोकरीत असतानाही म्हणत होतो.

कुणाच्याच हिशेबात नसलेली एक गोष्ट उरते, ती म्हणजे रोजचा सराव. कॉलेज तो देऊ शकत नाही, विद्यापीठ फक्त शिबिरापुरता देतं. ते तुम्हालाच उभं करायचं आहे. सारसबागेजवळ सणस मैदानावर महापालिकेचा सिंथेटिक ट्रॅक आहे. म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, पण हडपसरहून रोज ते झेपणारं नाही. सणसवर पहाटे साडेपाचला जाऊन तिथं कोण शिकवतं, मुलींचा गट किती, कोच ओरडतो की समजावतो, हे आठवडाभर बघा. पीडी सर आणि बाहेरचा कोच एकमेकांशी बोलतील असं करा. स्पर्धेच्या तोंडावर दोघांनी दोन वेगळे सराव दिले की पोरीचे पाय जातात. आणि जिममधून कुणी डब्यातली पावडर दिली तर घेऊ नका. नाडा या उत्तेजकविरोधी संस्थेची चाचणी विद्यापीठ पातळीवरही होते.

अमेरिकेत लहान कॉलेजांचे खेळातले विभाग वेगळे असतात, हे तुम्ही वाचलेलं बरोबर आहे. तिथं एनसीएए या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागातली कॉलेजं बहुतेक लहान असतात, आणि ती खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. १९३७ साली सुरू झालेल्या एनएआयए या दुसऱ्या संघटनेतली लहान कॉलेजं देऊ शकतात. तिथं कॉलेजची संघटनाच विभाग आणि नियम ठरवते. आपल्याकडे लहान-मोठं असा विभागच नाही, सगळे एकाच रेषेवर. शिष्यवृत्तीऐवजी इथं मिळतं ते फीमध्ये थोडी सूट, परीक्षेतले सवलतीचे गुण, आणि पुढं शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. त्यासाठी कुठल्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं हे शासन निर्णयात बघा आणि प्रत्येक मूळ प्रमाणपत्र घरी जपून ठेवा, कारण पडताळणी कडक असते.

प्रवेशाच्या दिवशी पीडी सरांना किंवा मॅडमना भेटून तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी मैदानी स्पर्धेला किती मुलं नेली? प्राचार्य नसतील तेव्हा फॉर्मवर सही कुणाची? स्पर्धेच्या दिवशी बुडालेल्या हजेरीचं काय करता? पहिल्याचं उत्तर आकड्यात आलं आणि दुसऱ्याचं नावासकट आलं, तर फी भरून टाका. तिची ८०० मीटरची सध्याची वेळ इथं लिहिलीत, तर पहिल्या विभागीय स्पर्धेपर्यंतच्या सरावाबद्दल मी सविस्तर लिहीन.