गावी आईकडची जुनी लँडलाइन काढून फायबरवरचा फोन घ्यावा का? आवाजात फरक पडतो का?

आवाजाचं नंतर बघू, आधी विजेचं बघा.

जुन्या साध्या लँडलाइनला घरात प्लग लागत नाही. तिचे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधून त्याच दोन तांब्याच्या तारांवरून येतात आणि एक्स्चेंजला बॅटऱ्या, जनरेटर असतात. म्हणून गावभर काळोख असला तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन. (कॉर्डलेस असेल तर नाही.) फायबरमधून नुसता उजेड येतो, वीज नाही. घरातला मॉडेम तुमच्याच मीटरवर चालतो.

आमच्याकडे कोकणात हे पावसाळ्यात कळलं. लाइट गेली, इन्व्हर्टरवर पंखा फिरतोय, टीव्हीवर मालिका चालू, आणि फोन मात्र मेलेला. मॉडेमचा अडॅप्टर कोपऱ्यातल्या ज्या बोर्डात होता तो इन्व्हर्टरवर घेतलेलाच नव्हता! दोन दिवस आई शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून बोलत होती.

आता आवाज. लँडलाइनवर कॉल लागला की एक्स्चेंज तुमच्यासाठी सेकंदाला ६४ किलोबिटची वाट राखून ठेवतं, तुम्ही गप्प बसलात तरी. पण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या बाहेरचं सगळं, म्हणजे फार जाड आणि फार बारीक आवाज, छाटलेलं; आणि एस-एफमधला फरक त्या बारीक आवाजातच असतो. म्हणून तर 'एस फॉर सांगली, एफ फॉर फलटण' करत बसावं लागतं. इंटरनेटवर बोलण्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात, सेकंदाला ५०, आणि ते बाकीच्या गर्दीतूनच जातात. हरवलेला तुकडा सहसा पुन्हा मागवत नाहीत, उशिरा आलेल्या 'हॅलो'चं करायचं काय? तुकडे गळले की आवाज रोबोसारखा होतो. एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांच्या वर उशीर व्हायला लागला की 'बोल बोल', 'नाही, तू बोल' सुरू. नेट चांगलं असेल तर मात्र व्हॉट्सॅपवर माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येतो, तांब्याच्या तारेला ते कधीच जमलं नाही. फक्त व्हॉट्सॅपवरून ११२ (पोलीस, अँब्युलन्सचा तातडीचा नंबर) लागत नाही, हे आईला सांगून ठेवा.

तरी मी फायबरच घ्या म्हणेन. जॉइंटमध्ये पाणी शिरून होणारी खरखर आणि लाइनमनची वाट बघणं आम्ही पुरेसं भोगलंय. ब्रिटनही जानेवारी २०२७ पर्यंत जुनं जाळं बंद करणार आहे. मॉडेमला छोटा यूपीएस लावा. बहुतेक मॉडेम १२ व्होल्टचे असतात, तरी मागचा आकडा वाचूनच घ्या. आणि जोडणी देणाऱ्याला विचारा, लाइट गेल्यावर त्याच्याकडची मशीन किती तास चालते. 'चालते की!' म्हणाला, तर पुन्हा विचारा.