जुन्या संकल्पांची फरदड ठेवू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नव्या वर्षात काय काय करायचं याची तू पाठवलेली यादी वाचली. अकरा गोष्टी आहेत. पोलीस भरती, इंग्रजी, ठिबक, शेळीपालन, कर्जाची परतफेड, मोबाइल कमी करणं, आणखीही बरंच. वाईट त्यात एकही नाही. पण चार गोष्टी मागच्या वर्षीच्या यादीतल्याच आहेत, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहितो.

कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक, का ठेवू नये हे तुला ठाऊक आहे. डिसेंबरनंतरही पाणी देत पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी ठेवली की हलक्या कापसाचे एक-दोन वेचे मिळतात, पण गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं, तिचा जीवनक्रम तुटत नाही आणि पुढच्या हंगामात ती लवकर येऊन बसते. म्हणून वेळेवर उलंगवाडी करायची, म्हणजे शेवटची वेचणी उरकून हंगाम संपवायचा, पऱ्हाट्या उपटायच्या आणि वावर पाच-सहा महिने कपाशीविना ठेवायचं. अर्धवट राहिलेल्या संकल्पांचंही हेच करायचं. ते यादीत नुसते उभे राहिले की प्रत्येक वेळी वही उघडताना 'आपल्याच्यानं होत नाही' ही कीड नव्या कामाला लागते.

दोनशे पानांची एक वही घे. पहिल्या पानावर जुने चारही संकल्प लिही आणि प्रत्येकापुढं तो किती दिवस प्रत्यक्ष पाळला गेला ते लिही. मग तो कोणत्या महिन्यात आणि कशानं तुटला ते लिही. 'कंटाळा' हे कारण लिहायचं नाही. 'जून, पेरणी' किंवा 'ऑक्टोबर, सोयाबीनची सोंगणी' असं लिहायचं. ज्याच्यापुढं असं कारण सापडेल, त्याचं रूप बदलून तो पुन्हा घेता येईल. ज्याच्यापुढं काहीच सुचणार नाही, तो बहुधा शेजारच्या पोराकडे पाहून घेतलेला असतो. त्यावर सरळ काट मार.

उरलेल्यांतून या वर्षाला तीनच ठेव. एक मोठा, ज्यावर पुढचं पोट अवलंबून आहे. एक वावराचा. एक घरच्या पैशाचा. तीनच, कारण तुझ्याकडे वेळच तेवढा आहे. हे कसं ते नीट बघ, यादी करताना सगळ्यात जास्त चूक इथंच होते.

'रोज दोन तास अभ्यास' असं तू लिहिलंस. म्हणजे वर्षाचे ७३० तास. जानेवारीत ते खरं वाटतं, कारण तूर निघत आली की हात जरा मोकळे होतात. पण आपल्याकडचं वर्ष सारखं नसतं. जानेवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत साधारण १९ आठवडे. त्यांत हरभऱ्याची सोंगणी, वखरणी आणि लग्नं धरूनही आठवड्याला १२ तास निघतील. मात्र एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की दुपारी पुस्तक हातात टिकत नाही, तेव्हा ते तास पहाटेच काढावे लागतात. जून-जुलैत पेरणी, डवरणी, निंदण, आणि पावसानं ताण दिला तर दुबार पेरणी. या ८ आठवड्यांत आठवड्याला २ तास मिळाले तरी खूप. ऑगस्ट-सप्टेंबरच्या ८ आठवड्यांत ८-८ तास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोंगणी, कापूस वेचणी, हरभऱ्याची पेरणी. पुन्हा २-२ तास. डिसेंबरचे ४ आठवडे ८-८ तासांचे. बेरीज कर: २२८, १६, ६४, १६ आणि ३२. ३५६ तास होतात. म्हणजे जेवढे धरले होतेस त्याच्या निम्म्याहूनही कमी. अभ्यासक्रम या ३५६ तासांत बसव. ७३० चा बसवलास तर जुलैतच मागे पडशील, आणि दोष वेळापत्रकाचा असताना तो स्वतःच्या माथी मारून घेशील.

घाईच्या महिन्यांसाठी किमान वाटा आत्ताच ठरवून ठेव: रोज वीस मिनिटं, एकच विषय, शक्यतो गणिताची पाच उदाहरणं. आठवडाभरात तेच दोन तास होतात. पेरणीच्या दिवसांत यापेक्षा जास्त करू नकोस आणि हा वाटा सोडूही नकोस. ओलिताची पाळी रात्री असेल त्या आठवड्यात पहाटेचा अभ्यास धरूच नये. रात्रभर हरभऱ्याला पाणी देऊन आलेल्या माणसाला पाच वाजता उठवणं हा अन्याय आहे. त्या आठवड्याची वेळ संध्याकाळची ठेव. गावात सामुदायिक प्रार्थना होते, ती संपली की वही उघडायची. घड्याळापेक्षा रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधलेली सवय जास्त टिकते.

आता मोठा संकल्प. 'भरतीत निवड' असं लिहू नकोस. किती जागा निघतील, कटऑफ किती लागेल, हे तुझ्या हातात नाही. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण असतात आणि पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंदांत पोचावं लागतं. जाहिरात निघाली की निकष त्यात पुन्हा पाहून घे. तुला आज ६ मिनिटं ४० सेकंद लागतात. म्हणजे ४०० मीटरची फेरी १०० सेकंदांची झाली, आणि ती साडेसत्त्याहत्तर सेकंदांवर आणायची आहे. हे लिहिता येतं, मोजता येतं. पाडव्यापर्यंत ९२ सेकंद, मेअखेर ८५, दसऱ्यापर्यंत ८० आणि उरलेलं डिसेंबरात, असे टप्पे पाड. जून-जुलैत वेळ कमी होणार नाही, आहे ती टिकली तरी पुरे.

गावोगावची पोरं एक जानेवारीपासून डांबरी रस्त्यावर रोज जीव तोडून धावतात आणि संक्रांतीपर्यंत नडगी धरून बसतात. रोज वेग धरला की पायाला सावरायला वेळ मिळत नाही, त्यात झिजलेले बूट आणि कडक रस्ता. आठवड्यात तीन दिवस चार-पाच किलोमीटर हळू धाव, इतकं हळू की बोलता यावं. एक दिवस ४०० मीटरच्या चार फेऱ्या ठरलेल्या वेळेत, मध्ये तीन-तीन मिनिटं चालणं. एक दिवस गोळाफेक आणि १०० मीटर. दोन दिवस विश्रांती. धावायला पांदण (वावराकडे जाणारी मातीची वाट) किंवा शाळेचं मैदान बघ. नडगी दुखायला लागली तर त्या आठवड्याचा वेगाचा दिवस सोड, धावणं पूर्ण बंद करू नकोस. पण एकाच जागी बोट ठेवून दुखत असेल तर मात्र थांब आणि डॉक्टरला दाखव.

वावराचा संकल्पही असाच. 'सोयाबीन एकरी दहा क्विंटल' हे पावसाच्या हातात आहे. तुझ्या हातात आहे ते असं: मे महिन्यात घरच्या बियाण्याची उगवण तपासणं. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या रांगांत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि सात दिवसांनी चांगले कोंब आलेले मोजायचे. ७० आले तर एकरी ३० किलो बियाणं, ६५ आले तर साधारण ३२ किलो, ६० आले तर ३५. त्याहून कमी आले तर ते बियाणं पेरू नकोस. अख्ख्या पोत्यातून थोडं थोडं घे; वरचेच टपोरे दाणे निवडलेस तर आकडा खोटा येतो आणि पिकाच्या ओळी विरळ उगवतात. शिवाय ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची तिफण काढायची नाही, हेही वहीत आत्ताच लिहून ठेव. जूनमध्ये शेजाऱ्यानं पेरलं की मन राहत नाही.

पैशाचा संकल्प तर या महिन्यातच ठरतो. तूर विकली की हाती रोकड येते आणि मोटारसायकलीचे विचार सुरू होतात. खरिपाच्या पीककर्जाची मुदत सहसा ३१ मार्च असते. तुमच्या खात्याची नेमकी तारीख सोसायटीत किंवा बँकेत विचारून घे. मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज पडत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते आणि नवं कर्जही अडतं. तेव्हा तुरीची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) आणि पैसे हातात आले त्याच दिवशी परतफेडीची रक्कम बाजूला काढायची. बाबांशी हे बोलणं तूर बाजारात नेण्याआधी कर, नंतर नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी पंधरा मिनिटं वही बघ. ठरलेले तास, झालेले तास, फेरीची वेळ, एवढंच. दोन आठवडे चुकले तर थकबाकी भरायला बसू नकोस, त्या दिवसाच्या वाट्यापासून सुरू कर. पाडवा, पोळा आणि दसरा, या तीन वेळा संकल्प बदलायची मुभा आहे. मधल्या काळात नाही.

पहिल्या पानावरची काट मारलेली यादी फाडू नकोस. पाडव्याला वही घेऊन ये, तेव्हा मला तीही बघायची आहे. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका