नॅचरोपॅथने सांगितलेल्या फंक्शनल टेस्ट करून घ्याव्यात का? आधी कुठली करू?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर थकवा आहे, पोट फुगतंय, आणि फूड सेन्सिटिव्हिटी, केसांतली मिनरल्स आणि दिवसातून चार वेळा लाळेतलं कॉर्टिसोल (ताणाशी संबंधित हार्मोन) असं पॅकेज तुम्हाला सुचवलंय. आधी सेलिॲकची रक्ततपासणी करा (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याचं अस्तर बिघडवतं, तो हा आजार), आणि ती होईपर्यंत गहू बंद करू नका. इथे थांबलात तरी चालेल. मला मात्र पुढचं लिहायचंच आहे, कारण यात माझं वर्ष वाया गेलंय.

माझीही हीच तक्रार होती. ताईने तिच्या नॅचरोपॅथकडे पाठवलं. माणूस वाईट नव्हता. दीड तास नीट ऐकून घेतलं, आणि तोवर कुठल्याच डॉक्टरने मला दहा मिनिटंही दिली नव्हती. रक्त दिलं, तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. चाळीस पानं, प्रत्येक पदार्थापुढे एक पट्टी: हिरवी, पिवळी नाहीतर लाल. लाल होते गहू, दूध, अंडी आणि बदाम. हिरवे होते खेकडा, शिंपले, जव. म्हणजे जे रोज खात होते ते लाल आणि ज्याची चवही माहीत नाही ते हिरवं! तेव्हा मला वाटलं, काय अचूक पकडलंय.

ती टेस्ट आयजीजी नावाच्या अँटिबॉडी मोजते. या पदार्थाशी शरीराची ओळख झालेली आहे, एवढंच आयजीजी सांगतं. झटकन येणाऱ्या ॲलर्जीत बघतात ती आयजीई ही अँटिबॉडी वेगळी. उलट ॲलर्जीच्या इंजेक्शनांनी माणसाला सोसायला लागतं तेव्हा आयजीजी४ हा आयजीजीचाच एक प्रकार वाढतो. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ मध्ये स्वच्छ सांगितलंय की खाणं सोसत नाही हे यावरून ठरवू नका. तरी पॅनल विकलं जातंच.

मी चारही पदार्थ बंद केले. दोन आठवड्यांत पोट हलकं झालं, ताईची कॉलर ताठ. आठ महिन्यांनी मला जिना चढताना धाप लागायला लागली. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, निघालं ६, फारच कमी. डॉक्टरांनी सेलिॲकच्या शंकेने टीटीजी-आयजीए (सेलिॲकच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) करायला सांगितलं, ते नॉर्मल आलं. रिपोर्ट बघता बघता त्यांनी विचारलं, “गहू खाता ना?” मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, “आठ महिने शिवलेसुद्धा नाही.” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले.

ग्लुटेन पोटात जात असेल तरच त्या अँटिबॉडी रक्तात टिकतात. बंद केलं की काही महिन्यांत उतरतात, आतड्याचं अस्तरही भरून येऊ लागतं. म्हणजे मी पुरावाच पुसून टाकला होता. मग सहा आठवडे रोज गहू खायचा, औषध घेतल्यासारखा. चौथ्या दिवसापासून पोट ढोलासारखं, रात्रीची झोप बाथरूमच्या दारात. त्यानंतर टेस्ट पॉझिटिव्ह आली, एंडोस्कोपी झाली, बायोप्सी झाली. सेलिॲकच होतं.

आता ताईचं लाडकं वाक्य: “मग गहू लाल दाखवला होताच की!” कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, दुसरं काय? दूध, अंडी, बदामही तितकेच लाल होते, आज मी तिन्ही मजेत खाते. जव हिरवा होता, आणि त्यातही ग्लुटेन असतं. तो मला जन्मात चालणार नाही. शिवाय शेवटच्या पानावर लिहिलं होतं, “तीन महिन्यांनी गहू हळूहळू सुरू करा.” सेलिॲकमध्ये हळूहळू वगैरे काही नसतं.

तुमच्या बाकीच्या दोन टेस्टबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २००१ मध्ये एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा लॅबना पाठवले होते. आकडे जुळेनात आणि खाण्यापिण्याचे सल्लेही परस्परविरोधी. लाळेवरून ‘ॲड्रिनल फटीग’, म्हणजे कॉर्टिसोल बनवणाऱ्या ग्रंथी थकल्यात असं निदान, काढतात, पण हार्मोनचे डॉक्टर असा आजारच मानत नाहीत. आणि पॅकेज जितकं मोठं तितकं लाल जास्त, हा साधा हिशेब आहे. नॉर्मल रेंज ९५ टक्के निरोगी लोकांवरून ठरते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जायची शक्यता ६४ टक्के.

हो, हे आधी लिहायला हवं होतं: मी डॉक्टर नाही. नॅचरोपॅथच्या यादीतलं सगळंच टाकाऊ असंही नाही. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन आतड्याची सूज ओळखायला डॉक्टरही सांगतात, आणि रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसोल कुशिंगच्या (कॉर्टिसोल फार वाढण्याचा आजार) तपासणीत खरोखर वापरतात. टीटीजीसोबत एकूण आयजीएही बघायला सांगा, ते मुळात कमी असेल तर टेस्ट खोटी नॉर्मल येते. केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर थायरॉइडच्या टेस्टआधी डॉक्टरांना सांगा, त्यानेही आकडे चुकतात.

सेलिॲक असलेल्याच्या सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला तो निघतो. म्हणून मुलाची टेस्ट मी लगेच करून घेतली, निगेटिव्ह आली. ताईला दोन वर्षं सांगतेय. तिचं हिमोग्लोबिन कायम कमी, गहू रोज खाते, म्हणजे टेस्टला याहून योग्य वेळ नाही. एक नळी रक्त फक्त. पण तिनेही ते चाळीस पानी पॅनल केलंय, आणि म्हणते, माझा गहू हिरवा आहे.