कोल्हापुरात भाड्याच्या घरात नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, घरमालक लक्ष देत नाहीत. काय करू?

आधी गीझर बंद. मेन स्विच पाडून लायसनवाला वायरमन बोलवा. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या खोलीत अर्थिंगची वायर भिंतीतच तुटलेली निघाली, बोर्डावर मात्र तीन पिनांचा सॉकेट दिमाखात! ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्याच. नुसती एमसीबी (लोड वाढला किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडणारा स्विच) शॉकपासून वाचवत नाही.

मालकांना फोटोसह लेखी नोटीस द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर भांडत बसू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४: किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स असेल तर आधी करारातली दुरुस्तीची अट वाचा. मीटरपाशीच ठिणग्या उडत असतील तर महावितरणला १९१२ वर फोन करा.